किरण आणि डोळा

डिसेंबर 2024 मध्ये लोणारच्या सहलीत आम्ही आपल्या विद्यार्थ्यांस एक असत्य सांगितले. ते जाणूनबुजून सांगितले नव्हते. परंतु शिक्षकाच्या तोंडून अज्ञानाने निघालेले असत्यसुद्धा विद्यार्थ्याच्या मनात सत्याच्याच आसनावर जाऊन बसते. यास्तव त्याची कबुली शाळेच्या वार्षिकातच देणे आम्हास योग्य वाटते. त्या असत्याची दुरुस्ती करिता करिता आम्हास जो इतिहास वाचावा लागला, आणि तो वाचीत असतानाच आमच्या डोळ्यांदेखत जे घडले, ते दोन्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लोणारचे सरोवर हे आपल्या जिल्ह्याचे भूषण होय. आकाशातून आलेल्या एका पाषाणाने काळ्या कातळात पाडलेला तो सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा प्रथमच पाहणारा मनुष्य काही क्षण बोलू शकत नाही. आमची मुलेही तशीच गप्प झाली होती. मग अकरावीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एवढं मोठं काम करणारं शस्त्र माणसाजवळ आहे का?" हा मुलगा चिखलीकडील एका शेतकऱ्याचा. सैन्यात जावे ही त्याची एकच इच्छा. शाळेजवळ भाड्याच्या खोलीत राहून तो रोज पहाटे राजूर घाटाच्या रस्त्याने धावण्याचा सराव करी. उत्तर देण्याच्या उत्साहात आम्ही म्हणालो, "आहे तर! आपल्याच देशात तुर्भ्याला 'काली' नावाचे यंत्र आहे. त्यातून प्रकाशाचा असा किरण सुटतो की, शत्रूचे विमान आकाशातच जळून जाते." मुलाचा चेहरा अभिमानाने फुलला, आणि तो पाहून आमचाही फुलला.

ही माहिती आम्हास कोठून मिळाली होती? भ्रमणध्वनीवर कोणीतरी पाठविलेल्या एका निरोपातून! आम्ही विज्ञानाचे पदवीधर, मुलांस रोज "पुरावा काय?" असे विचारणारे. तरी तो निरोप आम्ही पारखून घेतला नाही, कारण तो आम्हास आवडला होता. न आवडणारी गोष्ट मनुष्य दहा वेळा तपासतो. आवडणारी गोष्ट एकदाही तपासीत नाही.

घरी आल्यावर मनास चुटपुट लागली व आम्ही शोध आरंभिला. तेव्हा कळले की, 'काली' हे कालीमातेचे नाव नसून 'किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर' या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. हे यंत्र तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात सिद्ध झाले हे खरे. परंतु त्यातून प्रकाशकिरण निघत नाही. विजेच्या अतिसूक्ष्म कणांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा, झोत अत्यल्प क्षणापुरता सुटतो. त्या झोतापासून क्ष-किरण किंवा सूक्ष्मलहरी उत्पन्न करून निरनिराळ्या परीक्षा घेता येतात. ते प्रयोगशाळेचे अवजड यंत्र आहे. डोंगरावर नेऊन शत्रूवर रोखण्याचे शस्त्र नव्हे. पुढील तासास आम्ही वर्गात आपली चूक फळ्यावर लिहिली. मुले हसली. तो मुलगा मात्र हिरमुसला होऊन म्हणाला, "मग किरणाचं शस्त्र ही नुसती गोष्टच का, सर?" आम्ही त्यास वचन दिले की, याचा इतिहास वाचून तुला खरे काय ते सांगू. तो इतिहास तुम्हांसही थोडक्यात सांगतो.

प्रकाशाने शत्रूस जाळावे ही कल्पना फार पुरातन आहे. आर्किमिडीज नामक ग्रीक पंडिताने सिरॅक्यूज नगराच्या वेढ्यात आरशांनी सूर्यप्रकाश एकवटून रोमन गलबते पेटविली अशी दंतकथा आहे. वेल्स या इंग्रज लेखकाने 1898 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत मंगळावरून आलेल्या प्राण्यांच्या हाती उष्णकिरणाचे शस्त्र दिले. पुढे 1930 नंतरच्या काळात 'मृत्युकिरण' शोधल्याच्या वार्ता युरोपात इतक्या वेळा उठल्या की, ब्रिटिश सरकारच्या विमानखात्याने बक्षीस लाविले: जो कोणी शंभर यार्डांवरील एक मेंढी किरणाने मारून दाखवील त्यास एक हजार पौंड! बक्षीस कोणासही मिळाले नाही. 1935 साली वॉटसन-वॅट या शास्त्रज्ञास विचारणा झाली, तेव्हा त्याच्या विल्किन्स नामक सहकाऱ्याने हिशेब करून दाखविले की, रेडिओच्या लहरींनी वैमानिकास इजा करणे अशक्य आहे. मात्र विमानावर आदळून परतणाऱ्या लहरींवरून ते विमान कोठे आहे हे ओळखता येईल. यातूनच रडार जन्मास आले. मेंढी वाचली, आणि मृत्युकिरणाच्या शोधात निघालेल्यांच्या हाती पहारेकऱ्याचा डोळा आला! ही गोष्ट आमच्या वर्गास फार आवडली.

आता ज्यास आपण लेसर म्हणतो तो किरण म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. खामगावच्या आठवडी बाजारातील गर्दी डोळ्यांपुढे आणा. हजारो माणसे चालत असतात, पण प्रत्येकाची दिशा निराळी व पाऊल निराळे. दिव्याचा साधा प्रकाश असाच असतो. आता प्रजासत्ताकदिनी आपल्या शाळेच्या पटांगणावर चाललेले संचलन आठवा. माणसे थोडी, परंतु सर्वांचे पाऊल एकाच क्षणी, एकाच दिशेने पडते. लेसरचा प्रकाश असा संचलन करणारा असतो. आइन्स्टाइन याने 1917 च्या सुमारास दाखवून दिले की, शक्ती घेऊन उत्तेजित झालेल्या अणूजवळून योग्य जातीचा प्रकाशकण गेला, तर तो अणूही तसाच दुसरा कण सोडतो, व दोघे एकाच दिशेने, एकाच तालात पुढे निघतात. एकाचे दोन, दोहोंचे चार, अशी ही फौज वाढते. दोन आरशांच्या मध्ये तिला मागेपुढे नाचविले म्हणजे एका आरशातून तीक्ष्ण किरण बाहेर पडतो. प्रकाश तोच, फक्त त्यास शिस्त लाविलेली.

या किरणाचा जन्म व सैन्याचा पैसा यांची सोबत आरंभापासूनची आहे. चार्ल्स टाऊन्स हा अमेरिकन शास्त्रज्ञ, जो आपल्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलत असे, 1951 च्या वसंतऋतूत नौदलासाठी नेमलेल्या एका समितीच्या बैठकीकरिता वॉशिंग्टनला गेला होता. सकाळी बागेतील बाकावर फुललेली झाडे पाहत बसला असता त्यास ही युक्ती सुचली. तिच्यावरून 1954 साली सूक्ष्मलहरींचे 'मेसर' यंत्र झाले, व पुढे 1964 चे नोबेल पारितोषिक त्यास दोन रशियन शास्त्रज्ञांबरोबर मिळाले. गॉर्डन गोल्ड याने 1957 साली आपल्या वहीत 'लेसर' हा शब्द लिहिला. 1959 मध्ये त्याच्या कंपनीने अमेरिकन संरक्षणखात्याकडे तीन लाख डॉलर मागितले असता खात्याने सुमारे दहा लाख दिले! परंतु पूर्वी साम्यवाद्यांशी संबंध असल्याच्या संशयावरून खुद्द गोल्डलाच त्या गुप्त कामात प्रवेश नाकारण्यात आला. ज्याची कल्पना, तोच दाराबाहेर! अखेर 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियातील थिओडोर मायमन याने माणकाच्या एका लहानशा कांडीतून पहिला लेसरकिरण काढून दाखविला. वृत्तपत्रांनी लगेच 'मृत्युकिरण सापडला' म्हणून गजर केला. बापड्या मायमनला त्याचे फार वाईट वाटले.

परंतु विमान जाळण्याइतकी शक्ती माणकाच्या कांडीत नव्हती. ती शक्ती ज्या शोधाने शक्य झाली त्याचा धागा आपल्या महाराष्ट्रात येतो, हे वाचून आम्हास मोठे आश्चर्य वाटले. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म 1938 साली बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1958 साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि 1964 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, बेल प्रयोगशाळेत त्यांनी कर्बवायूचा लेसर सिद्ध केला. जो वायू आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो, त्यातूनच हा प्रबळ किरण निघाला! तो डोळ्यांस दिसत नाही, तो उष्णतेचा किरण आहे. परंतु तो अखंड चालतो व पुष्कळ शक्ती वाहून नेतो. पुढे तप्त कर्बवायू वेगाने सोडून या किरणाची शक्ती पुष्कळ वाढविण्यात आली. 1973 साली अमेरिकन वायुदलाने त्याच जातीच्या किरणाने एक मानवरहित विमान पाडले. 1983 साली विमानात बसविलेल्या अशा किरणाने पाच क्षेपणास्त्रे निकामी केली. आणि त्याच कर्बवायूच्या किरणाने शल्यवैद्य शरीरातील गाठी कापतात, कापता कापता रक्तही थांबवितात. बारामतीच्या या सुपुत्राने एकच दिवा लाविला. त्याच्या उजेडात कोणी तलवार पारजली, कोणी जखम शिवली.

आपला देशही मागे नव्हता. तुर्भे येथे 1964 साली, म्हणजे मायमनच्या शोधानंतर अवघ्या चार वर्षांत, अर्धवाहकाचा लेसर तयार झाला. सागर येथे जन्मलेले दिलीप भवाळकर विलायतेत लेसरविद्या शिकून तुर्भ्यास आले, व पुढे इंदूर येथील प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे पहिले संचालक झाले. त्या केंद्रात कारखान्यांसाठी व शस्त्रक्रियेसाठी लेसर बनविण्यात आले. सैन्यासाठी लेसरचे काम दिल्ली व हैदराबाद येथील संरक्षण-प्रयोगशाळांत चालले.

इतके असूनही किरणशस्त्राची कहाणी अनेक वर्षे मोठ्या वचनांची व मोठ्या निराशेचीच राहिली. 23 मार्च 1983 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी शत्रूची अण्वस्त्रे वाटेतच नष्ट करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा आकाशातून लेसर सोडण्याची चित्रे घरोघरी पोहोचली. ती चित्रेच राहिली. नंतर एका प्रचंड बोईंग विमानात रासायनिक लेसर बसविण्यात आला. फेब्रुवारी 2010 मध्ये त्याने एक क्षेपणास्त्र पाडलेही. परंतु सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून 2011 च्या अखेरीस ती योजना सोडून द्यावी लागली. असे का व्हावे? वैशाखात आपल्या माळरानावर उठणारी धूळ पाहिलेल्या मुलास हे कळणे कठीण नाही. धूळ, धुके व पाऊस किरणास पितात. शिवाय प्रबळ किरण जाता जाता वाटेतील हवाच तापवितो, आणि ती तापलेली हवा किरणास फाकविते. बंदुकीची गोळी लागताच काम करते. किरणास मात्र एकाच ठिकाणी काही सेकंद खिळून राहावे लागते. टेकडीआडच्या शत्रूस तो गाठू शकत नाही.

म्हणून युद्धात लेसरने प्रथम यश मिळविले ते जाळून नव्हे, तर बोट दाखवून. मंद किरणाने लक्ष्यावर ठिपका पाडावयाचा आणि बाँबने त्या ठिपक्याचा माग काढीत जावयाचे, अशी ही रीत. व्हिएतनाममधील थान्ह होआ येथील पूल शेकडो हल्ल्यांस दाद देत नव्हता. 1972 साली तो अशा बाँबांनी पाडला. जून 1999 मध्ये कारगिलच्या लढाईत आपल्या वायुदलाने टायगर हिलवर असेच बाँब टाकिले. खरोखर जाळणारे शस्त्र अलीकडच्या विजेवर चालणाऱ्या लेसरांमुळे शक्य झाले. 2014 साली अमेरिकन नौदलाने एका जहाजावर 30 किलोवॅटचा लेसर बसविला. तो डोंगर फोडीत नाही. लहान मानवरहित विमाने व नावा यांचा समाचार घेतो.

येथवर आमचे वाचन झाले होते, इतक्यात फेब्रुवारी महिन्यात आमच्याच नात्यातील एक लग्न निघाले. मंडळी हौशी. वरातीपुढे कानठळ्या बसविणारे वाद्ययंत्र व त्यावर फिरणारे हिरवे किरण हवेत, असा तरुणांचा आग्रह. वर्गणी निघाली, तीत आमचेही पैसे होते. मदतीस म्हणून आम्ही काही विद्यार्थ्यांस बोलाविले होते, त्यांत तो मुलगाही होता. रात्रीच्या धुरात ते हिरवे किरण भाल्यांसारखे फिरत होते. आम्ही शेजाऱ्यास मोठ्या ऐटीत म्हणालो, "हाच तो लेसर, बरे का!" किरण लोकांच्या तोंडावरून फिरत आहेत हे आम्ही पाहिले. त्याचा अर्थही आम्हास ठाऊक असावयास पाहिजे होता. तो मुलगा गाडीपुढील लहान पोरांस बाजूस सारण्याकरिता वर पाहत उभा होता. एक किरण क्षणभर त्याच्या उजव्या डोळ्यावर थांबला.

चार दिवस तो कोणास काही बोलला नाही. पाचव्या दिवशी तास संपल्यावर आमच्या मेजाजवळ आला व हळूच म्हणाला, "सर, डावा डोळा झाकला की तुमचं तोंड दिसत नाही. कान तेवढे दिसतात." आमच्या अंगावर काटा आला. त्याच संध्याकाळी त्यास घेऊन आम्ही नेत्रवैद्याकडे गेलो. वैद्यांनी जे सांगितले ते आम्ही पुस्तकात कैक वेळा शिकविले होते. आपल्या डोळ्यातील भिंग समांतर आलेला किरण दृष्टिपटलावरील एका बिंदूवर गोळा करते. तेथे त्याची तीव्रता सुमारे लाखपट होते. आपण समोर रोखून पाहतो तेव्हा तो बिंदू नेमका तेथेच पडतो, जेथे अक्षर वाचण्याची व चेहरा ओळखण्याची शक्ती असते. पापणी मिटण्यास जो पाव सेकंद लागतो, तेवढ्यात प्रबळ किरण आपले काम करून जातो. जळलेल्या पटलास नवे ठिगळ लाविता येत नाही. गेल्या काही वर्षांत नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतही मिरवणुकांतील किरणांनी डोळ्यांस इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि 2024 साली पुण्याच्या पोलिसांनी गणेशोत्सवाच्या काळात अशा किरणदिव्यांवर बंदीचा आदेश काढिला. आम्ही त्या बातम्या वाचिल्या होत्या, आणि पान उलटले होते.

त्याचे वडील गावाहून आले. आम्ही त्यांस सर्व हकीकत सांगितली, वर्गणीचीही सांगितली. ते बराच वेळ टोपीशी चाळा करीत बसले. मग म्हणाले, "सर, पोराचं मिल्ट्रीचं गेलं जी." याहून अधिक एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी रागावून चार शब्द ऐकविले असते तर आमचे ओझे हलके झाले असते. जाताना पिशवीतील तुरीची डाळ मात्र त्यांनी आमच्या घरी ठेविली. ती परत करण्याचे धैर्य आम्हास झाले नाही, आणि ती शिजविण्याचेही पुष्कळ दिवस झाले नाही.

उपचार चालू असताना त्या मुलास वाचन मना होते. तो आमच्याकडे येई व म्हणे, "सर, तो इतिहास अर्धाच राहिला." म्हणून उरलेला भाग आम्ही त्यास वाचून दाखविला, आणि त्या वाचनात एक अशी गोष्ट निघाली की, वाचता वाचता आमचा आवाज थांबला.

ती गोष्ट अशी. विमान जाळण्यास मोठा लेसर लागतो. मनुष्याचा डोळा जाळण्यास अगदी लहान पुरतो. ही सोपी वाट सेनापतींच्या ध्यानात आल्यावाचून कशी राहील? 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाने वैमानिकांचे डोळे दिपविणारे लेसर सोबत नेले होते. ते वापरले नाहीत. पुढे दोनतीन देशांत सैनिकास कायमचे आंधळे करू शकतील अशी सहज वाहून नेता येण्याजोगी शस्त्रे तयार झाली. तेव्हा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने नेत्रवैद्य, कायदेपंडित व सैनिक यांच्या बैठका बोलाविल्या, आणि जगापुढे एकच प्रश्न ठेविला: युद्ध संपते, सैनिक घरी येतो, परंतु त्याचा अंधार कधी संपतो? अखेर 13 ऑक्टोबर 1995 रोजी व्हिएन्ना येथे राष्ट्रांनी ठराव केला की, मनुष्यास कायमचे अंध करण्याकरिताच बनविलेले लेसरशस्त्र कोणीही वापरू नये व कोणास देऊ नये. 30 जुलै 1998 पासून तो अमलात आला. भारतही त्यात सामील आहे. रणांगणावर प्रत्यक्ष सर्रास वापर होण्यापूर्वीच एखाद्या शस्त्रास मनाई व्हावी, असे मानवाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. हा ठराव परिपूर्ण नाही. दुसऱ्या कामाच्या लेसरने अनाहूतपणे डोळा गेला तर तो गुन्हा ठरत नाही. तरीही जी राष्ट्रे एकमेकांची शहरे उद्ध्वस्त करण्याची अस्त्रे बाळगून आहेत, त्यांनीही डोळ्यापुढे हात आखडला, हे काही थोडे नव्हे.

मुलाने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "मग सर, तो नियम वरातीले लागत नाही का?"

आम्ही त्यास सांगितले की, नाही. तो नियम राष्ट्रांस व त्यांच्या सैन्यांस बांधतो. तो म्हणाला, "म्हणजे मी सीमेवर असतो तर शत्रूनं असं केलं नसतं." या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते व अद्यापही नाही. शत्रूने शत्रूवर जे करू नये असे ठरले, ते आम्ही आनंदाच्या भरात, पाहुण्यांस बोलावून, वर्गणी काढून केले होते.

याच सुमारास, 13 एप्रिल 2025 रोजी, आंध्रप्रदेशातील कर्नूल येथे आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने 30 किलोवॅटच्या लेसरशस्त्राने मानवरहित विमान पाडून दाखविल्याची वार्ता आली. त्या मुलाने ते वृत्तपत्र डाव्या डोळ्याजवळ धरून आम्हास दाखविले. "सर, तुमची गोष्ट आता खरी झाली," असे म्हणून तो हसला. त्याच्या अभिमानात काहीच उणे झाले नव्हते. आम्हासही अभिमान वाटला, आणि तो वाटावा हे योग्यच आहे. देशाच्या सीमेचे रक्षण करणे हे पाप नव्हे. परंतु त्या दिवशी आम्हास हेही उमगले की, किरणास शिस्त लाविणे हे अर्धेच काम आहे. किरण हाती धरणाऱ्यास कोण शिस्त लाविणार?

विद्यार्थिमित्रांनो, या शिस्तीला प्रयोगशाळा लागत नाही. दुकानात मिळणारा लहानसा लेसर कोणाच्या तोंडावर, वाहनचालकावर किंवा आकाशातील विमानावर कधीही रोखू नका. मिरवणुकीत किरण तोंडावर येऊ लागला तर त्याकडे पाहू नका, पाठ फिरवा. दृष्टीत ठिपका दिसू लागला तर चार दिवस थांबू नका. त्याच दिवशी आईबापांस सांगा. आणि पालकहो, वर्गणी देताना ती कशासाठी जाते हे विचारण्याचा आपणास अधिकार आहे. आम्ही तो बजाविला नाही.

शास्त्राचा दोष मानून दिवा विझवावा असे आमचे म्हणणे नाही. लेसरचा शोध लागल्यानंतर पुढच्याच वर्षी, 1961 साली, न्यूयॉर्क येथील वैद्यांनी त्याच माणकाच्या किरणाने एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरील गाठ नाहीशी केली. मनुष्याच्या शरीरावर लेसरचा पहिला उपचार झाला तो डोळ्यावरच, आणि तो बरे करण्यासाठी! ऑगस्ट 2023 मध्ये चंद्रावर उतरलेल्या आपल्या प्रज्ञान गाडीने लेसरच्या ठिणगीनेच तेथील मातीत गंधक ओळखले. प्रकाश हे देवाने जगास दिलेले पहिले दान, आणि आंधळ्यांस दृष्टी देणे हे प्रभू येशूच्या आवडीचे काम. त्या दानाने कोणते काम करावयाचे, हे किरण ठरवीत नाही.

त्या मुलाच्या डोळ्याची सूज उतरली आहे, ठिपका लहान झाला आहे. परंतु गेलेला नाही. सैन्याच्या वैद्यकीय परीक्षेत त्याचा निभाव लागणार नाही, असे नेत्रवैद्यांनी स्पष्ट सांगितले. पुढे काय करावे हे त्याचे अजून ठरलेले नाही. पहाटे राजूर घाटाच्या रस्त्याने धावणे मात्र त्याने सोडले नाही. का धावतोस, असे आम्ही त्यास विचारले नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराण्यात पुन्हा एक लग्न निघाले. आम्ही सर्वांपुढे उभे राहून सांगितले की, किरणाचे दिवे असतील तर आमची वर्गणी नाही व आम्हीही नाही. तरुण मंडळी चिडली. "मास्तर म्हातारे झाले," असेही कोणी म्हणाले. अखेर तडजोड होऊन दिवे आले, परंतु त्यांची तोंडे आकाशाकडे बांधून ठेविली. आमचे म्हणणे अर्धेच मानले गेले. वरात निघाल्यापासून संपेपर्यंत आम्ही त्या गाडीशेजारी चालत राहिलो, आणि मान वर करून बांधलेल्या दोऱ्या पुन्हा पुन्हा तपासीत राहिलो.